गोठलेल्या नळांचे लंडन

ज्या देशात थंडी दरसाल कडाक्याने पडते, तेथे घराचा पाया खणतानाच तिचा बंदोबस्त होतो. मिनेसोटात पाण्याचे मुख्य नळ सात-आठ फूट खोल पुरतात. परंतु जेथे तिची खरी स्वारी एका पिढीत एखाद-दोनदाच होते, तेथे मधल्या काळात तिचा विसर पडतो, आणि लंडनच्या नळांचा इतिहास हा बव्हंशी या विसराचाच इतिहास आहे.

इ. स. १६१३ मध्ये ह्यू मिडल्टनने हर्टफर्डशायरमधील झऱ्यांचे पाणी 'न्यू रिव्हर' या कालव्याने क्लार्कनवेलपर्यंत आणले, तेव्हा ते शहरात खेळवण्यासाठी एल्म वृक्षाचे पोखरलेले ओंडके एकमेकांत बसवून रस्त्यांखाली घालण्यात आले. हे लाकडी नळ गळत आणि कुजत हे खरे, पण लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने त्यांची जाड भिंत आतल्या पाण्याचे थोडेफार रक्षण करी. घरापर्यंतची नळी शिशाची होतीच; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रस्त्यांखालीही लाकडाच्या जागी ओतीव लोखंड आले, आणि थंडीचा प्रवेश सुकर झाला. त्यातच मक्तेदार कंपन्या पाणी ठरावीक तासच सोडीत, म्हणून घरोघर साठवणीची टाकी आली व पुढे ती छपराखालच्या माळ्यावर चढली. तर आरोग्यसुधारकांनी दूषित वायूच्या धास्तीने मैल्याचे व सांडपाण्याचे नळ भिंतीबाहेर काढायला लावले. दोन्ही व्यवस्था सहेतुक होत्या. हिमाचा विचार मात्र कोणाच्याच मनात नव्हता.

पाण्याचे बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. तरी नळ बहुधा बर्फाच्या जागी फुटत नाही. नळीत बर्फाचा बोळा धरला, की तो वाढताना त्याच्या आणि बंद तोटीच्या मध्ये कोंडलेल्या पाण्यावर विलक्षण दाब येतो आणि नळी तिच्या दुबळ्या जागी विदीर्ण होते. शिसे मऊ, म्हणून ते आधी फुगे, पातळ होई, आणि पुढच्या एखाद्या हिवाळ्यात त्याला उभी चीर पडे. नळीतले बर्फ घट्ट असेतो घरच्यांना त्याचा पत्ताही नसे. हवा उबदार झाली म्हणजे छतातून धार लागे. यास्तव जाणते गृहस्थ उघड्या नळ्यांना नमदा वा पेंढा गुंडाळीत आणि रात्री तोटी किंचित सुटी ठेवीत, कारण वाहते पाणी सहजी गोठत नाही. पण हीच युक्ती कित्येकदा अंगाशी येई: ठिबकणारे थेंब भिंतीबाहेरच्या सांडपाण्याच्या नळात गोठत, नळ तुंबे, आणि पाणी उलटून घरात येई.

१८९५ च्या फेब्रुवारीत या साऱ्याचा एकदम हिशेब झाला. ११ तारखेला स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे पारा उणे २७.२ अंश सेल्सियसपर्यंत उतरला, थेम्सवर बर्फाचे तुकडे तरंगू लागले, आणि लंडनमध्ये थंडी जमिनीत इतकी खोल उतरली की उथळ पुरलेले रस्त्यातले नळही गोठले. बादल्या घेऊन लोक रस्त्यात उभारलेल्या तात्पुरत्या नळांपाशी ताटकळत उभे राहिले. क्लार्कनवेलचा भाग ज्या मध्य-फिन्सबरी मतदारसंघात येई, त्याचे पार्लमेंटातील प्रतिनिधी त्या वेळी आपले दादाभाई नौरोजी होते. रस्त्यातल्या नळापासून घरापर्यंतची नळी घरमालकाची, सबब ती गोठली तर कंपनी जबाबदार नाही, हा न्याय कागदोपत्री बिनतोड असेल. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराने कोणाकडे दाद मागावी? मला हा अन्याय नळ गोठण्याहून मोठा वाटतो. १९०२ च्या कायद्यान्वये आठ कंपन्यांचा कारभार १९०४ मध्ये एका सार्वजनिक मंडळाच्या हाती गेला, त्यामागे अशा तक्रारींची दीर्घ परंपरा होती.

तरीही १९६२-६३ चा हिवाळा, मध्य इंग्लंडमध्ये १७४० नंतरचा सर्वांत थंड, आला तेव्हा रस्त्यांत पुन्हा तात्पुरते नळ आणि पाण्याच्या गाड्या दिसल्या. नंतरच्या दशकांत इंधन वाचवण्यासाठी माळ्याच्या जमिनीवर जाड उष्णतारोधक थर पसरण्यात आला. त्यासरशी खोल्यांची वर जाणारी ऊब तुटली आणि माळ्यावरची टाकी पूर्वीपेक्षा गार पडली. म्हणून इंग्लंडमधील आजचे कारागीर टाकीच्या चारही बाजू आणि झाकण आच्छादतात, पण तिच्या बुडाखालचा थर तेवढा काढून ठेवतात.