हरवलेला वर्ग

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातला एखादा सातबारा उघडून पाहावा. ‘भूधारणा पद्धती’समोर बहुधा ‘भोगवटादार वर्ग 1’ किंवा ‘वर्ग 2’ असे आढळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे दोघेही भोगवटादारच, जमीन दोघांकडेही कायमची. पण वर्ग 2 च्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. म्हणजे सामान्य गुण सारखेच, वर एक विशेष अट.

ही संहिता 15 ऑगस्ट 1967 रोजी अमलात आली. गंमत अशी की, त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी एक निबंध वाचला. त्याचा विषयही ‘वर्ग आणि उपवर्ग’च होता! त्यांच्या ‘सिम्युला 67’ या संगणकभाषेत उपवर्गाला मूळ वर्गाचे गुण वारशाने मिळत. पुढे 1970 मध्ये एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत ठेवण्याची रीत मांडली. तक्त्यात फक्त ओळी आणि रकाने. वारसा त्याला ठाऊक नाही. या दोन्ही रीती एकाच आज्ञावलीत नांदू लागल्या आणि कुरबुर सुरू झाली.

समजा, शिरपूर तालुक्यातल्या वर्ग 2 च्या शेताची नोंद धुळ्याच्या संगणकावरून जळगावच्या संगणकाला पाठवायची आहे. त्यासाठी नोंदीची सलग माळ ओवावी लागते; यालाच सीरियलायझेशन म्हणतात. आज्ञावलीत ‘भोगवटादार पाठवा’ एवढेच लिहिले असेल, तर काही साधने मूळ वर्गाचे रकाने तेवढे ओवतात. निर्बंधाचा रकाना गळतो. नोंद बिनतक्रार पोचते आणि शेत विकायला मोकळे दिसते! दुसरी साधने ‘हा वर्ग अपरिचित आहे’ म्हणून थांबतात. आम्हाला विचाराल तर हे थांबणेच बरे.

यावर उपाय म्हणजे माळेत वर्गाचे नावही घालायचे आणि कोणते उपवर्ग येऊ शकतात याची यादी घेणाऱ्याला आधीच द्यायची. यादी कशाला, येईल ते नाव घ्यावे, असे कुणी म्हणेल. पण अशा मोकळेपणाचा फायदा घेऊन परक्याला संगणकात शिरकाव करता येतो, हे जावा भाषेतल्या आज्ञावल्यांबाबत 2015 मध्ये ठळकपणे पुढे आले.

एवढे करूनही नोंद अडली तर? तक्ते आणि वर्ग यांची सांगड घालणारी काही साधने, माहिती लागेल तेव्हाच आणता यावी म्हणून, आज्ञावली चालू असताना आपल्या वर्गाचा एक तोतया उपवर्ग तयार करतात. त्याचे नाव यादीत कसे असणार? म्हणून पाठवतेवेळी वस्तूचा खरा वर्ग कोणता होता, हे आधी छापून पाहावे. तोतया निघाला, तर ती सोय तेवढ्यापुरती बंद करावी, किंवा निर्बंधाच्या रकान्यासह सारी माहिती साध्या वर्गात उतरवून मगच पाठवावी.