थंडीच्या तोंडावरचे मेण

डबीतले घट्ट मेण फडक्यावर घेऊन मोटारीच्या रंगावर पातळ थर चढवायचा आणि तो सुकून पांढुरका दिसू लागला की कोरड्या फडक्याने पुसून काढायचा, ही पद्धत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांत वसंतातही मेण लावले जाई, पण चुकवून चालणार नाही असा हंगाम पानगळीचा. हे काम गारठ्यात करावे असे कोणाच्याच मनात नव्हते. रंगाची जात, मेणाचा स्वभाव आणि रस्त्यावरचे मीठ या तिघांनी मिळून ही वेळ गाडीमालकांच्या गळ्यात मारली.

सुरुवातीच्या मोटारींचा रंग म्हणजे बग्गीचाच रंग. तेलात कालवलेले रंग आणि त्यावर व्हार्निश, तेही ब्रशने, थरामागून थर देऊन. एक गाडी रंगून बाहेर पडायला काही आठवडे लागत.  असले व्हार्निश उन्हापावसात निस्तेज होई, तडकेही. १९१० मध्ये जॉर्ज सायमन्स यांनी त्यावर मेणाचे पॉलिश काढले. त्यातून शिकागोत उभ्या राहिलेल्या ‘सिमोनाइझ’ कंपनीने दोन डब्यांची रीत रुजवली. एकातल्या लगद्याने मळ आणि मेलेला रंग घासून काढायचा, दुसऱ्यातले मेण वर चढवायचे. हे नाव इतके घरोघरी पोचले की इंग्रजी शब्दकोशांत ते क्रियापद म्हणून दाखल झाले.

मेणाची खरी गरज मात्र पुढच्या रंगाने निर्माण केली. १९२३ मध्ये ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर निळ्या रंगात आला. फवाऱ्याने उडवायचा हा रंग आठवड्यांऐवजी तासांत वाळे. पण तो आपोआप चकाकत नसे. घासून, पॉलिश करूनच त्याला झिलई येई. उन्हात त्याचा वरचा पापुद्रा खडूसारखा भुरभुरीत होई. लाल गाडी घासली की फडके लाल होत असे. तो पापुद्रा काढायचा आणि उघडा पडलेला ताजा रंग मेणाखाली झाकायचा, हा मग वर्षाचा नेमच होऊन बसला.

मेण आले ब्राझीलहून. त्या देशाच्या ईशान्य टोकाला सिआरा, पियावी या कोरड्या मुलखात कार्नौबा नावाचा ताड वाढतो. कडक उन्हात पाण्याची वाफ होऊ नये म्हणून त्याच्या पंख्यासारख्या पानांवर मेणाची पूड धरते. पाने कापून वाळवायची, झोडपून पूड पाडायची, ती वितळवून गाळायची की भाजीच्या वाळक्या काड्यांसारखी कडकड मोडणारी मेणाची ढेप हाती येते. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. कार्नौबाला त्यासाठी ८२ ते ८६ अंश लागतात. उन्हात तापलेल्या पत्र्यावरही टिकणारे म्हणून मोटारवाल्यांना ते आवडले. व्हिस्कॉन्सिनमधल्या रॅसीन गावची जॉन्सन कंपनी १८८६ मध्ये लाकडी फरशी विकत होती. गिऱ्हाइके फरशीची निगा कशी राखायची असे विचारू लागली, तेव्हा तिने मेण बनवायला घेतले. १९३५ मध्ये त्या घराण्यातले एच. एफ. जॉन्सन (धाकटे) पाण्यावर उतरणाऱ्या सिकोर्स्की विमानातून ब्राझीलमधल्या फोर्तालेझाला गेले, ते या ताडाची बेगमी पुढे कशी राहील हे पाहायला. पॉलिशच्या धंद्यासाठी एवढा खटाटोप आज गमतीचा वाटतो. तेव्हा तो शुद्ध व्यवहार होता.

इतके कडक मेण फडक्यावर निघावे म्हणून ते टर्पेंटाइन किंवा खनिज तेलापासून काढलेल्या पातळ द्रावकात मुरवतात. बुटाच्या पॉलिशच्या डबीतही हीच युक्ती असते. थंडीची सारी अडचण या द्रावकात आहे. तापलेल्या पत्र्यावर तो क्षणात उडून जातो आणि मेण असे चिकटून बसते की पुसताना खांदे भरून येतात. म्हणून भर उन्हात मेण लावायचे नाही, हा पहिला नियम. गारठ्यात उलटे होते. द्रावक उडता उडत नाही, पांढुरकी साय धरायला फार वेळ लागतो आणि घाईने पुसले तर मेण नुसते फरफटते. दहा अंशांच्या खाली डबीतले मेणही दगड होते. फडके फिरवले तरी वर ओरखडे तेवढे उठतात. त्यावर जुना उपाय म्हणजे डबी रात्री घरात ठेवणे, किंवा झाकण घट्ट लावून कोमट पाण्यात बसवणे. चुलीवर मात्र नाही, कारण टर्पेंटाइन पेट घेते.

दुसरी खोड दवाची. पहाटे पत्रा हवेपेक्षा थंड असतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो. त्या ओलीवर मेण बसत नाही, डाग मात्र राहतात. त्यामुळे पानगळीतले हे काम सकाळचे दहिवर पुरते वाळल्यावर सुरू करायचे आणि ऊन कलायच्या आत उरकायचे. दोन हातांएवढाच भाग एका वेळी घ्यायचा, थर शक्य तितका पातळ द्यायचा. सुकले का, हे पाहायला बोटाचे टोक हलकेच ओढायचे: खाली स्वच्छ चकचकीत रेघ उमटली तर पुसायला हरकत नाही, ओशट पट्टा दिसला तर थांबायचे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर इंजिनामुळे बॉनेट ऊबदार असते आणि त्यावरचे मेण दारांवरच्यापेक्षा कितीतरी आधी सुकते; नवशिके सगळीकडे एकच वेळ धरतात आणि तिथेच फसतात.

एवढी उठाठेव करून थंडीआधीच मेण लावायचे, यामागे मीठ होते. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकून पाहिले आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात ते सरसकट वापरायला घेतले. युद्धानंतर महामार्ग वाढले तसे मीठही वाढले. रंगाला जिथे टवका उडाला तिथून खारे पाणी पत्र्यात शिरे आणि वसंतापर्यंत मडगार्डच्या कडा गंजून जात. मेणाने गंज थांबत नाही, विशेषतः गाडीच्या पोटाखाली तर ते पोचतच नाही. पण त्यावरून पाणी ओघळते आणि खारट राप धुऊन काढणे सोपे जाते.

डबीतल्या मेणाला पहिला धक्का बाटलीने दिला. १९४० च्या दशकात शिकागोतच बेन हिर्श यांनी ‘प्लास्टोन’ हे पातळ पॉलिश काढले. तेच पुढे ‘टर्टल वॅक्स’ झाले. १९५० च्या सुमारास सिलिकोन आले आणि पुसण्याचे कष्ट कमी झाले. १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत सर्वत्र पसरल्यावर रंगाचा खडू होणे कमी झाले आणि पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरेनासा झाला. कार्नौबाची डबी आता हौशी लोकांच्या कपाटात उरली आहे.