राहिलेला एक चेंडू

गेल्या मार्गशीर्षात जव्हारकडे जाण्याचा योग आम्हांस आला. त्या गावाजवळच शिरपामाळ नावाचे पठार आहे. इ. स. १६६४ च्या जानेवारीत सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजीमहाराजांचा तळ येथे पडला व जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपेच देऊन त्यांचा सत्कार केला, त्यावरून माळास हे नाव मिळाले, अशी त्या मुलखातील परंपरा आहे. तो प्रसंग जागेवर उभे राहून डोळ्यांपुढे आणावा या हेतूने आम्ही गेलो होतो. परंतु माळाच्या एका अंगास दोन कॉलेजांच्या विद्यार्थ्यांचा कबड्डीचा सामना रंगला होता, आणि खरे सांगावयाचे तर पुढला अर्धा तास आम्ही इतिहास विसरलो.

गुण सारखे झाले होते व शेवटची चढाई चालू होती. चढाईस गेलेला तरुण एका गड्यास शिवून परत फिरला, पकडीतून निसटला, मध्यरेषेवर त्याने हात टेकला; आणि त्याच क्षणी पंचाची शिटी वाजली. रेषा गाठण्यापूर्वी दम तुटला, असा पंचाचा निर्णय पडला. गुण प्रतिपक्षास मिळाला व सामनाही. "आम्ही हरलो नाही, आम्हांला पंचाने हरविले," असे तो तरुण पुनःपुन्हा म्हणत होता. त्याची समजूत कोण घालणार? आम्हांस मात्र परतीच्या वाटेवर दुसऱ्या एका सामन्याची आठवण झाली. त्या सामन्यातही निकाल शेवटच्या क्षणावर आला होता, आणि हेच वाक्य एका माणसाच्या नावास कायमचे चिकटले.

१९४९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर भारत व वेस्ट इंडीज यांच्यामधील पाचवा कसोटी सामना झाला. मालिकेतील पहिले तीन सामने अनिर्णित राहिले होते. मद्रासचा चौथा सामना पाहुण्यांनी एक डाव व १९३ धावांनी जिंकला होता. भारताने १९३२ साली लॉर्ड्‌सवर पहिला कसोटी सामना खेळल्यापासून तोपर्यंत एकही जिंकला नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज पुढील हकीकतीची धार कळावयाची नाही. देश स्वतंत्र होऊन दीड वर्ष झाले होते. ब्रेबोर्नवर विजय मिळता तर मालिका बरोबरीत सुटती आणि सतरा वर्षांची उणीव भरून निघती.

चौथ्या डावात भारतास ३६१ धावा हव्या होत्या. त्या काळच्या मानाने हा आकडा अशक्य कोटीतला समजावा. परंतु रुसी मोदी यांनी ८६ व सांगलीचे विजय हजारे यांनी १२२ धावा काढून अशक्य ते आवाक्यात आणले. अखेरीस कोल्हापूरचे दत्तू फडकर व गुलाम अहमद खेळत होते. आठ गडी बाद झाले होते, प्रायर जोन्स हा द्रुतगती गोलंदाज चेंडू टाकीत होता, आणि धावा व घड्याळ यांची शर्यत लागली होती. विजयास सहा धावा कमी असता पंच बापू जोशी यांनी यष्टींवरील बेल्स उचलल्या. सामना संपला. भारताच्या ८ बाद ३५५ धावा झाल्या होत्या व फडकर ३७ वर नाबाद होते. मागाहून ध्यानात आले की, त्या षटकातील एक चेंडू टाकावयाचा राहिला होता आणि घड्याळात सुमारे दीड मिनिट शिल्लक होते.

या गोष्टीचा निर्देश 'एक चेंडू कमी पडला' असा करण्याची रीत आहे. आमच्या मते तीत हानी कमी मोजली जाते. एकाच चेंडूचा प्रश्न असता तर फडकरांस षटकारच मारावा लागता, आणि द्रुतगती गोलंदाजास षटकार मारणे त्या पिढीच्या फलंदाजांत नित्याचे नव्हते. परंतु दीड मिनिटात तो चेंडू पडून वेळ संपण्याच्या आत नवे षटक सुरू होण्यास अवसर होता, आणि सुरू झालेले षटक घड्याळाकडे पाहून तोडीत नाहीत. तेव्हा गेला तो चेंडू एक नसून कदाचित सात होते. सात चेंडूंत सहा धावा, हातात दोन गडी. असा हिशेब मांडला म्हणजे निकालाचा कल भारताकडे होता असे म्हणण्यास हरकत नसावी. अर्थात सात चेंडूंत दोन गडीही बाद होऊ शकतात, हे विसरून चालावयाचे नाही.

आता जोशी यांच्यावरील आरोपाचा विचार करू. पंच घरचा असला म्हणजे तो घरच्या संघाकडे झुकतो, असा जगभरचा समज आहे आणि तो निराधार नाही. स्पेनमधील फुटबॉल सामन्यांचा अभ्यास तिघा अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केला. यजमान संघ एका गोलाने मागे असला की पंच अखेरीस जास्त वेळ वाढवून देतात आणि तो एका गोलाने पुढे असला की कमी, असे त्यांस आढळले. अमेरिकेतील कॉलेजांच्या बास्केटबॉलविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष याहून मौजेचा आहे. ज्या संघाच्या नावावर कमी फाउल लागले असतील त्याच्यावरच पुढला फाउल लागण्याचा संभव जास्त, असे तेथे दिसून आले. म्हणजे तराजू समतोल दिसावा या ओढीने पंच नकळत पारड्यात वजन टाकतो! यात लाच नाही की कपट नाही. हजारो माणसे एका स्वरात ओरडत असता माणसाच्या मनाचे जे होते ते आहे.

या कसोटीस जोशी यांची चूक लावून पाहावी. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, घरचा पंच. त्याचे मन झुकते तर अधिक वेळ देण्याकडे झुकते. त्याने तर उरलेला वेळही काढून घेतला! पक्षपाताचा आरोप येथे उभाच राहत नाही. जी काही चूक झाली ती उत्कंठेने झालेल्या मोजणीची चूक होय. पंच खिशातील खडे अथवा नाणी एका हातातून दुसऱ्या हातात टाकून चेंडू मोजतात. साऱ्या मैदानाचे श्वास अडकले असता एक खडा चुकला. शिवाय पंच दोन होते. दुसरे पंच मोहोनी यांचे नाव या प्रकरणात क्वचितच निघते. लोकांस दोषी एकच माणूस हवा असतो.

पाहुण्यांचीही तक्रार होतीच. मद्रासच्या सामन्यात एव्हर्टन वीक्स ९० धावांवर धावबाद दिला गेला. लागोपाठ पाच कसोटी शतके काढून तो सहाव्याच्या दाराशी उभा होता, आणि तो निर्णय वादग्रस्त ठरला. तो सामना वेस्ट इंडीजने डावाने जिंकल्यामुळे त्या दहा धावांचे दुःख कोणास फारसे झाले नाही. यावरून असे म्हणण्याचा मोह होतो की, अटीतटीचा सामना पंचाची चूक वाढवीत नाही, केवळ उघड करतो. पहिल्या दिवशी हरवलेल्या सहा धावा व शेवटच्या मिनिटाला हरवलेल्या सहा धावा हिशेबात सारख्याच. आम्हीही बरेच दिवस असेच मानीत होतो. परंतु हे पुरते खरे नाही. पहिल्या दिवशी अन्याय झालेल्या संघास तो भरून काढण्यास चार दिवस मिळतात. शेवटच्या मिनिटाच्या चुकीमागे दुसरे मिनिटच नसते.

ते मिनिट परत देण्याचा प्रयत्नही एकदा झाला. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमधील बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात कॉलेजच्या तरुणांचा अमेरिकन संघ सोव्हिएत रशियाविरुद्ध ५०-४९ असा पुढे होता व तीन सेकंद उरले होते. गोंधळ होऊन खेळ थांबला. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे चिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षागारातून खाली आले व चालू सामन्यात तसा अधिकार नसता त्यांनी घड्याळ तीन सेकंदांवर फिरविण्यास सांगितले. घड्याळ नीट न लागल्यामुळे ते तीन सेकंद पुन्हा खेळवावे लागले, आणि अखेर अलेक्झांडर बेलोव्ह याने चेंडू जाळीत टाकून ५१-५० असा निकाल लावला. अमेरिकेचा अर्ज तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. त्या खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत. मुंबईत जोन्स गोलंदाज होता व म्युनिकमध्ये जोन्स अधिकारी, हा योगायोग सोडून द्या. परंतु वेळ कमी दिला तरी कलह आणि अधिक दिला तरी कलह, हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे दिसते.

आपल्या देशात असा प्रसंग पुन्हा आला तो २२ सप्टेंबर १९८६ रोजी, मद्रासलाच. ऑस्ट्रेलियाने ठेवलेल्या ३४८ धावांपैकी भारताच्या ३४७ झाल्या होत्या. रवी शास्त्री यांनी एक धाव घेऊन बरोबरी साधली व अखेरचा गडी मणिंदर सिंग समोर आला. षटकाच्या पाचव्या चेंडूवर पंच विक्रमराजू यांनी त्यास पायचीत दिले. चेंडू बॅटीस लागला होता, असे मणिंदर पुढे सांगत राहिला. येथेही एक चेंडू शिल्लक होता, आणि येथेही घरच्या पंचाचा निर्णय घराविरुद्ध गेला. विक्रमराजू यांना त्यानंतर कसोटी सामना मिळाला नाही. पंचगिरीची किंमत कधी अशी चुकती होते, कधी याहून ओंगळ रीतीने. २०२५ साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पराभूत मल्लाने पंचास लाथ मारल्याचे वाचकांच्या स्मरणात असेल.

मद्रासच्या त्या सामन्यास दोन महिनेही झाले नव्हते, तोच लाहोरला पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या सामन्यात त्रयस्थ देशाचे पंच उभे राहिले. ते दोघेही भारतीय होते: रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक व २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ नेमण्याची पद्धत पडली. यंत्र १९९२ च्या नोव्हेंबरातच आले होते. दरबानच्या मैदानावर चित्र पाहून तिसऱ्या पंचाने ज्या पहिल्या फलंदाजास धावबाद ठरविले तो आमचा सचिन तेंडुलकर. आता फलंदाज पंचाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागू शकतो. परंतु या व्यवस्थेत एक कलम आहे. पायचीताच्या निर्णयात चेंडू यष्टीस जेमतेम चाटून जाईल असे यंत्रास दिसले, तर मैदानावरील पंचाने जे म्हटले असेल तेच कायम राहते. शंका फार बारीक झाली म्हणजे ती यंत्राकडून पुन्हा माणसाकडेच येते.

ब्रेबोर्नवर हुकलेला पहिला विजय भारतास १९५२ च्या फेब्रुवारीत मिळाला. इंग्लंडचा मद्रासेस एक डाव व ८ धावांनी पराभव झाला आणि कर्णधार विजय हजारे होते. ते तीन वर्षे आधीच जिंकते की काय, हे ठरविण्याचे साधन कोणापाशी नाही.

शिरपामाळावर चित्रयंत्र नव्हते. सामना पांगल्यावर आम्ही त्या पंचास गाठले. तो एक तरुण शिक्षक होता व अजून धापा टाकीत होता. दम तुटल्याची खात्री होती काय, असे विचारता तो म्हणाला, "मला ऐकू आला तेवढा सांगितला." तेवढ्यात तोच हरलेला तरुण त्याच्याकडे आला. आम्ही जरा सावध झालो. परंतु त्याने फक्त पुढल्या सामन्याची वेळ विचारली, शिक्षकाने ती सांगितली, आणि दोघेही चुन्याने आखलेली मध्यरेषा जेथे पुसली होती तेथे उभे राहून काही वेळ खाली पाहत होते.