अर्धा फिरलेला स्फटिक

माणसांप्रमाणें शब्दांनाहि चरित्र असतें. आज ज्या शब्दाचें चरित्र मी सांगणार आहें, तो आतां बहुधा खनिजशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतूनच भेटतो. तो शब्द म्हणजे ‘हेमिट्रोप’. ग्रीक भाषेंत ‘हेमि’ म्हणजे अर्धा व ‘ट्रोपोस’ म्हणजे वळण. अर्धा भाग फिरविल्यासारखा दिसणारा जुळा स्फटिक, असा याचा अर्थ.

हा अर्थ स्वयंपाकघरांतहि उमगेल. नारळाची तिरकस कापलेली वडी घ्या. तिच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना समांतर असा मधोमध छेद द्या. कापलेल्या कडा एकमेकींस टेकलेल्याच ठेवून एक तुकडा अर्धा वळसा फिरवा. एका टोकास शेंडा येईल, दुसऱ्या टोकास खांच पडेल. जिप्समचे कांहीं जुळे स्फटिक असेच पाकोळीच्या शेपटीसारखे दुभंगलेले दिसतात. साध्या स्फटिकास अशी आंत वळलेली खांच नसते. म्हणून खांच दिसली कीं जुळेपणाची शंका घ्यावी.

अशा स्फटिकांस रोमे द लील या फ्रेंच पंडितानें 1783 सालच्या आपल्या ग्रंथांत ‘मॅक्ल’ म्हटलें होतें. ‘हेमिट्रोप’ हें नांव रूढ केलें रने-जुस्त आउई यानें. हा पॅरिसचा एक धर्मोपदेशक आणि शिक्षक. कॅल्साइटचा एक नमुना हातून पडून फुटला, त्याच्या तुकड्यांचे नियमित आकार पाहून त्यास स्फटिकरचनेची उपपत्ति सुचली, अशी आख्यायिका आहे.

परंतु हें कार्य अर्ध्यावरच खुंटावयाचें! राज्यक्रांतीच्या धामधुमींत, 1792 च्या ऑगस्टांत, नव्या राजवटीची शपथ न घेणाऱ्या धर्मोपदेशकांबरोबर आउईहि बंदींत पडला. त्या वेळीं वीस वर्षांचा त्याचा शिष्य जोफ्रवा सेंत-इलेर धांवला. विद्वानांकडे खेटे घालून त्यानें गुरूची सुटका करविली. थोड्याच दिवसांनीं, सप्टेंबरच्या आरंभीं, पॅरिसच्या तुरुंगांत कत्तल झाली. तींत आउई सांपडला असता, तर 1801 सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा खनिजशास्त्रावरील मोठा ग्रंथ जगास लाभला नसता. जन्मभर शिक्षकी केलेल्या माझ्यासारख्यास ही गुरुदक्षिणा विसरवत नाहीं.

आतां एक सावधगिरी. स्फटिकाचा अर्धा भाग खरोखर कोणी कापून फिरवीत नाहीं. स्फटिक वाढत असतां अणूंचे थर निराळ्या दिशेनें बसूं लागले, म्हणजे जुळें निपजतें. कॅल्साइटांत तें दाबानेंहि घडतें. 1912 नंतर क्ष-किरणांच्या साह्यानें अणूंची मांडणीच अभ्यासतां येऊं लागली. ‘हेमिट्रोप’ हा शब्द रूप सांगतो, कारण सांगत नाहीं. नांव कळलें म्हणजे वस्तु कळली, असें समजणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले. मीहि त्यांतलाच एक होतों. शब्दाचें उपकार मानावे, पण त्याच्याच दाराशीं थांबूं नये, एवढेंच सांगून आपली रजा घेतों.