जुलमी राज्याच्या कथा आणि खानदेशची साक्ष

उद्याच्या जुलमी राज्याचे चित्र रंगवून आजच्या वाचकाला सावध करणाऱ्या कादंबऱ्या गेल्या शतकात विपुल लिहिल्या गेल्या. बिहारमधील मोतीहारी येथे १९०३ साली जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) ही त्यांतील सर्वपरिचित. आमच्या तरुण पिढीच्या हाती सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) आली. अशा कथांमुळे मुलांचा शासनावरील विश्वास उडेल काय, ही शंका पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

केल्व्हर्ट जोन्स व सेलिया पॅरिस या अमेरिकन विदुषींनी आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. या कथांमुळे शासनावरील विश्वास घटल्याचे त्यांना आढळले नाही. मात्र अन्यायाविरुद्ध हिंसाही समर्थनीय ठरते, असे मानण्याकडे वाचकांचा कल वाढलेला दिसला. तेव्हा खरा प्रश्न आहे तो प्रतिकाराच्या मार्गाचा, आणि त्याविषयी आमच्या खानदेशचा इतिहास बरेच काही सांगतो.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात अठरा प्रवचने झाली आणि सहबंदी साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सत्तेने देह कोंडले. शब्द मात्र ग्रंथरूपाने बाहेर पडला आणि आजही वाचला जातो.

पुढे दिवस पालटले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला, जे तेव्हा पश्चिम खानदेशात होते, विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला; शिरीषकुमार मेहता व त्याचे सोबती हुतात्मा झाले. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाणे येथे क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. डॉ. उत्तमराव पाटील व जी. डी. बापू लाड हे त्यांतील प्रमुख. त्यांच्या त्यागाविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्यांच्यासमोरची सत्ता परकी होती आणि तिला मताने खाली खेचण्याची सोय त्यांना नव्हती, हे विसरून चालणार नाही.

ती सोय स्वतंत्र भारताने दिली. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांवर बंधने आली, विरोधक विनाचौकशी स्थानबद्ध झाले. ऑर्वेलची कथा जणू आपल्याच दारी आली. तरीही मार्च १९७७ मध्ये मतदारांनी केंद्रातील सरकार बदलले आणि पराभूतांनी सत्ता सोडली.

रॉबर्ट ह्यू बेन्सन या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूंनी १९०७ सालीच ‘लॉर्ड ऑफ द वर्ल्ड’ ही अशीच कादंबरी लिहिली होती. ती वाचण्याची शिफारस पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली केली. तिच्यात छळाने पिचलेले काही कॅथलिक वेस्टमिन्स्टर ॲबी उडवण्याचा कट रचतात. त्याचा सूड म्हणून रोम शहरच बेचिराख होते. हिंसेची किंमत कट रचणाऱ्यांपुरती राहत नाही, हे बेन्सन यांनी ओळखले होते.

मुलांच्या हातून ही पुस्तके काढून घेऊ नयेत, असेच आम्हांस वाटते. ती त्यांनी जरूर वाचावीत. मात्र त्यांच्याशेजारी धुळ्याच्या तुरुंगाची आणि १९७७ च्या मतपेटीची हकिगतही घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना सांगावी.