प्रणाली बदलली, अक्षर टिकले

१/५
लॅपटॉपवरील विंडोज काढून लिनक्स बसवणाऱ्या मराठी माणसापुढे एक विचित्र संकट उभे राहत असे. जुने मराठी लेखन उघडताच पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे उमटत.

२/५
कारण पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत संगणकाला ‘म’ ठाऊकच नव्हता. साठवला जाई तो रोमन अक्षरांचा क्रमांक. त्यावर देवनागरी आकार चढवी तो फाँट. फाँट मागे राहिला, की अर्थही मागे राही. मोडी दप्तरांचेही असेच झाले: कागद शाबूत, वाचणारे दुर्मीळ.

३/५
१९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली.

४/५
युनिकोडने देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे क्रमांक राखून ठेवले. ‘म’ला २३५० मिळाला. अक्षराची ओळख फाँटापासून सुटली.

५/५
म्हणूनच आज परभणी जिल्ह्यातील पिंगळीत युनिकोडमध्ये टंकलेला ‘म’ हेलसिंकीतल्या लिनक्सवरही ‘म’च राहतो. जुन्या फाँटांतील लेखन मात्र अजून रूपांतराच्या प्रतीक्षेत आहे. ते आधी युनिकोडमध्ये आणावे, मगच प्रणाली बदलावी.