आयोटाची रांग

केनेथ आयव्हर्सनचं ‘अ प्रोग्रामिंग लँग्वेज’ हे पुस्तक 1962 साली आलं आणि त्याच्या आद्याक्षरांवरून एपीएल ही भाषा ओळखली जाऊ लागली. तिच्यात आयोटा हे ग्रीक अक्षर लिहून पुढे 5 टाकलं, की 1 ते 5 ही अख्खी रांग हजर. लूपची भानगडच नाही.

गूगलमध्ये 2007 साली रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी गो भाषा आखायला घेतली. तिच्यात आयोटा आला खरा, पण त्याचा हुद्दा उतरला. इथे तो फक्त स्थिरांकांच्या यादीत ओळी मोजतो, तेही शून्यापासून. गोच्या ‘टाइम’ पॅकेजात रविवार म्हणजे आयोटा, म्हणजे 0. शनिवार आपोआप 6. महिन्यांना मात्र ‘1 + आयोटा’, नाहीतर जानेवारी शून्यावा झाला असता! प्रोग्राम चालू असताना आकड्यांची रांग हवी असेल, तर लूप लिहिणं आलंच.

गोच्या चमूतल्या ब्रॅड फिट्झपॅट्रिकने ‘इटर’ नावाच्या चिमुकल्या पॅकेजात लूपमधला मोजणीचा सोपस्कार टाळायची गमतीदार पळवाट काढली. हव्या तेवढ्या रिकाम्या स्ट्रक्टची (एकही घटक नसलेल्या रचनांची) स्लाइस, म्हणजे यादी, करायची आणि तिच्यावरून रेंजचा लूप फिरवायचा. रिकाम्या स्ट्रक्टला जागा लागते शून्य बाइट, त्यामुळे मोजणी फुकटात.

खरी अडचण निराळीच होती. गोमध्ये पूर्णांकांचेच प्रकार अकरा. रांग बनवणारं फंक्शन प्रत्येकासाठी वेगळं लिहायचं का? यावर उपाय जेनेरिक्सचा, म्हणजे एकदाच लिहून अनेक प्रकारांना चालणाऱ्या कोडचा, पण तो महाग. गोच्याच चमूतल्या रस कॉक्सने डिसेंबर 2009 मध्येच पेच मांडला होता: प्रोग्रामर, कंपायलर किंवा तयार प्रोग्राम, यांपैकी कुणीतरी मंदावणारच. त्याच चमूतले इयान लान्स टेलर 2010पासून जेनेरिक्सचे एकामागून एक आराखडे मांडत राहिले. प्रकारांवर अटी घालणारं 2018चं ‘कॉन्ट्रॅक्ट्स’ हे प्रकरण 2020 मध्ये गुंडाळलं गेलं. अखेर मार्च 2022 मध्ये, 1.18 आवृत्तीत, जेनेरिक्स आले. आता एकच फंक्शन सगळ्या पूर्णांकांना पुरतं. अटीत प्रकाराच्या नावाआधी टिल्ड (~) लावला, की इंटवर बेतलेला वारांचा प्रकारही त्यात बसतो.

आणि साधी मोजणी? ती फेब्रुवारी 2024च्या 1.22 मध्ये जेनेरिक्सविनाच सुटली: रेंजपुढे थेट आकडा लिहायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 1.23ने ‘इटर’ याच नावाचं अधिकृत पॅकेज दिलं. त्यातला ‘सीक’ हा सीक्वेन्सचा प्रकार मात्र जेनेरिक आहे. मागणारा थांबेपर्यंत एकेक मूल्य पुरवतो, त्यामुळे रांग अनंत असली तरी बिघडत नाही.

रेंजपुढे नुसता 7 न लिहिता तो वारांच्या प्रकारात बदलून लिहिला, तर लूप 0 ते 6 छापत नाही. संडेपासून सॅटर्डेपर्यंत नावं छापतो.